कागदावरचा ड्रायव्हर

आमच्या गावी संध्याकाळी सातच्या सुमारास दिवे तांबडे होत. विहिरींवरचे पंप सुरू झाले की माजघरातल्या साठ वॅटच्या बल्बची तार विझत चाललेल्या निखाऱ्यासारखी दिसू लागे. आजी म्हणायची, "लाइट आली, पण उजेड काही आला नाही." मी त्या वेळी नववीत होतो. ओहमचा नियम नुकताच शिकलो होतो, त्यामुळे सगळ्या गोष्टींचा हिशेब करता येतो अशी माझी खात्री होती. २३० व्होल्टला ६० वॅट, म्हणजे बल्बचा रोध झाला सुमारे ८८० ओहम. आता दाब १८० व्होल्टवर आला, तर शक्ती किती? उत्तर येते साधारण ३७ वॅट. वही मिटली, हिशेब झाला.

हिशेब चुकलेला होता. बल्बची तार थंड पडली की तिचा रोधही घटतो. १८० व्होल्टला तो ८८० ओहम राहत नाही. त्यामुळे बल्ब प्रत्यक्षात माझ्या उत्तरापेक्षा थोडी जास्तच वीज खातो, आणि तरीही उजेड मात्र निम्म्याहून कमी देतो, कारण टंगस्टनच्या दिव्याचा उजेड दाबाच्या साडेतीनच्या आसपासच्या घातात बदलतो. २३० व्होल्टवर काढलेले बल्बचे वर्णन १८० व्होल्टच्या बल्बला लागू पडत नव्हते. वर्णन खोटे नव्हते. ते दुसऱ्या दाबाचे होते.

पुढे तीस वर्षे मी इलेक्ट्रॉनिक सर्किटांच्या आराखड्यांचे काम केले आणि हीच चूक, बल्बच्या जागी चिप ठेवून, पुन्हा केली. त्या चुकीच्या निमित्ताने एका फारशा न बोलल्या जाणाऱ्या विषयाची ओळख वाचकांना करून द्यावी, असा या लेखाचा बेत आहे.

आधी शब्दाचा उलगडा. इथला ड्रायव्हर गाडीचा नव्हे. प्रत्येक चिपच्या आत लाखो, आता कोट्यवधी, ट्रान्झिस्टर असतात. पण आतला निरोप बाहेरच्या तांब्याच्या रेघेवर ढकलण्याचे काम चिपच्या काठावर बसलेल्या काही दांडग्या ट्रान्झिस्टरांचे असते. त्या जोडीला ड्रायव्हर म्हणतात. जोडीतला वरचा ट्रान्झिस्टर रेघेला पुरवठ्याकडे ओढतो, खालचा ग्राउंडकडे. विहिरीच्या रहाटावर दोन माणसे असावीत, एकाने वर ओढायचे आणि दुसऱ्याने खाली, तसे. दोघांनी एकाच वेळी ओढायचे नाही, एवढा करार.

आता बोर्ड तयार करण्याआधी हे सगळे ठीक चालेल की नाही हे संगणकावर पाहावे लागते. त्यासाठीचे सगळ्यांत प्रसिद्ध साधन म्हणजे स्पाइस. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत रोनाल्ड रोहरर यांच्या वर्गातल्या प्रकल्पातून एक प्रोग्राम उभा राहिला. त्याचे नाव चक्क कॅन्सर असे ठेवले होते. इंग्रजी आद्याक्षरांतून ते जुळवलेले, आणि त्यातला शेवटचा भाग 'किरणोत्सर्ग वगळून' असा. त्या काळी अशा प्रोग्रामांना संरक्षण खात्याचा पैसा असे आणि किरणोत्सर्गात सर्किट टिकते का, हे त्यांना पाहायचे असे. विद्यार्थ्यांनी नावातच सांगून टाकले की आम्हाला ते करायचे नाही. लॉरेन्स नेगल आणि डोनाल्ड पेडरसन यांनी त्याच वाटेवरून पुढे जाऊन स्पाइस लिहिला. १९७३ च्या एप्रिलमध्ये कॅनडातल्या वॉटर्लू येथे तो प्रथम मांडला गेला. पेडरसन यांचा आग्रह होता की प्रोग्राम कुणालाही मोकळेपणाने देता यावा. आज जगभरच्या कारखान्यांत त्याची नातवंडे-पतवंडे नांदतात, त्याचे मोठे श्रेय मी या आग्रहाला देतो.

स्पाइसमध्ये प्रत्येक ट्रान्झिस्टरचे समीकरण असते. पुरवठा हा तिथे सर्किटातला आणखी एक बिंदू असतो. तो ३.३ वरून १.८ व्होल्टवर आणा. प्रत्येक ट्रान्झिस्टर आपापला नवा प्रवाह स्वतः काढतो. कुणाला काही सांगावे लागत नाही. इथपर्यंत दाबाचा प्रश्नच उद्भवत नाही.

प्रश्न उद्भवतो तो माणसांच्या स्वभावामुळे. चिप बनवणाऱ्या कंपनीच्या दृष्टीने ट्रान्झिस्टरची समीकरणे म्हणजे घरचा मसाला. त्यात कारखान्याच्या प्रक्रियेची सगळी गुपिते असतात. गिऱ्हाईक चिप विकत घेते, मसाल्याचे प्रमाण नव्हे. शिवाय शेकडो तारांच्या बोर्डावर प्रत्येक ड्रायव्हर समीकरणांतून चालवायचा तर संगणक रात्रभर घरघरत बसतो. १९९२ मध्ये इंटेलने पीसीआय नावाची जोडणी जाहीर केली, आणि तिच्यावर बोर्ड बनवू पाहणाऱ्या असंख्य लोकांना ड्रायव्हरचे वर्तन कळणे गरजेचे झाले. त्या सुमारास इंटेलमध्येच एक निराळी युक्ती निघाली: आत काय आहे ते सांगू नका, बाहेरून कसे वागते त्याचा तक्ता द्या. अमुक दाब लावला तर अमुक प्रवाह. १९९३ मध्ये त्या लेखनपद्धतीची पहिली आवृत्ती आली. तिचे नाव आयबिस.

आयबिसची फाइल ही साधी मजकुराची फाइल असते; कुठल्याही संपादकात उघडा, वाचता येते. मला ती नेहमी तलाठ्याच्या दप्तरासारखी वाटत आली आहे. वरच्या ट्रान्झिस्टरचा एक तक्ता, खालच्याचा एक, पायांना अतिदाबापासून वाचवणाऱ्या दोन डायोडांचे दोन, आणि निरोप बदलताना कड किती वेगाने चढते-उतरते याची नोंद. प्रत्येक तक्त्यात प्रवाहाचे तीन रकाने: नेहमीचा, किमान आणि कमाल. किमान म्हणजे कमी पुरवठा, जास्त उष्णता आणि कारखान्यातून जरा मंद निघालेली चिप. कमाल म्हणजे याच्या उलट. ३.३ व्होल्टच्या ड्रायव्हरसाठी हे तीन आकडे ३.३, ३.० आणि ३.६ असे असू शकतात. म्हणजे पुरवठ्याचा दाब या फाइलमध्ये चल नसतो. तीन ठिकाणी थांबून काढलेले तीन फोटो असतात.

दप्तरातली एक खोच इथे सांगायला हवी, कारण नवशिके तिथे हमखास अडखळतात. खालच्या ट्रान्झिस्टरचा तक्ता ग्राउंडपासून मोजलेला असतो, पण वरच्याचा पुरवठ्यापासून खाली मोजलेला असतो. पुरवठा ३.३ आणि बाहेरचा पाय २.३ व्होल्टवर असेल, तर वरच्याच्या तक्त्यात पाहायची ओळ २.३ ची नव्हे, १.० ची. वेडेपणा वाटतो, पण तसा तो नाही. वरचा ट्रान्झिस्टर पुरवठ्याला टांगलेला असतो. त्याला जाणवतो तो स्वतःच्या दोन टोकांमधला फरक. ग्राउंड कुठे आहे याच्याशी त्याला कर्तव्य नाही. तक्त्याची धावही मजेशीर: उणे पुरवठ्यापासून दुप्पट पुरवठ्यापर्यंत. ५ व्होल्टच्या चिपला १० व्होल्ट कोण लावेल? कुणी लावत नाही, पण मोकळ्या टोकावर आदळलेली लाट परत फिरताना दुप्पट होते, आणि परतीच्या वाटेवर ती ड्रायव्हरला भेटते.

पुरवठ्यापासून मोजण्याच्या या पद्धतीमुळे एक मोठा मोह तयार होतो. वरचा तक्ता पुरवठ्याला टांगलेला आहे ना? मग पुरवठा खाली आणला की तक्ता आपोआप खाली येईल. सिम्युलेटरही तेच करतो. ३.३ च्या जागी १.८ लिहा, तक्ता मुकाट्याने दीड व्होल्ट खाली सरकतो, आणि पडद्यावर सुंदर गोलाईदार लाटा उमटतात.

तक्ता सरकतो, पण त्याचा आकार बदलत नाही. आणि खरी गोम आकारातच आहे.

ट्रान्झिस्टर किती जोराने ओढतो हे त्याच्या गेटवर किती दाब आहे यावर ठरते. त्यातही सगळा दाब कामी येत नाही. आधी एक उंबरठा ओलांडावा लागतो, आणि उंबरठ्यावर जेवढा शिल्लक राहील तेवढाच जोर. समजा उंबरठा ०.६ व्होल्टचा आहे. पुरवठा ३.३ असताना शिल्लक उरते २.७. पुरवठा १.८ वर आला की शिल्लक १.२. पुरवठा जवळपास निम्मा झाला, पण जोर निम्म्याहूनही खाली गेला. महिन्याचा पगार दहा टक्क्यांनी कापला आणि घरभाडे तेच राहिले, तर हातात उरणारी रक्कम दहा टक्क्यांपेक्षा जास्त घटते. तोच हा हिशेब.

हाच हिशेब रोधात मांडू. ३.३ व्होल्टला चालू ड्रायव्हरचा रोध २५ ओहम असेल, तर शिल्लक दाबाच्या व्यस्त प्रमाणात तो २.५ व्होल्टला सुमारे ३५ आणि १.८ व्होल्टला ५६ ओहम होतो. हे गणित ढोबळ आहे. नव्या, आखूड ट्रान्झिस्टरांत प्रवाह शिल्लक दाबाच्या वर्गात वाढत नाही, एक आणि दोनच्या मधल्या कुठल्यातरी घातात वाढतो, हे ताकायासु साकुराई आणि रिचर्ड न्यूटन यांनी १९९० च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात मांडले. पण दिशा कळायला ढोबळ गणित पुरते.

आता माझी गोष्ट. तालुक्याच्या दवाखान्यांसाठी हृदयाचा आलेख नोंदवणारे एक छोटे यंत्र आम्ही बनवत होतो. बॅटरीवर चालायचे, म्हणून पुरवठा १.८ व्होल्टवर आणला होता. कारणही उघड होते: दर वेळी तार चढवण्या-उतरवण्यात जाणारी शक्ती दाबाच्या वर्गावर ठरते. ५ वरून ३.३ ला आले तरी ती ४४ टक्क्यांवर येते, १.८ ला तर १३ टक्क्यांवर. मुख्य चिप ३.३ ते १.८ पर्यंत कुठल्याही पुरवठ्यावर चालेल असे तिच्या पत्रकात लिहिले होते, आणि ते खरेही होते. पण आमच्याकडे आलेल्या आयबिस फाइलमध्ये फक्त ३.३ व्होल्टचे मॉडेल होते. दुसरे मागवायला आठवडा गेला असता. मी आकडा बदलला. सिम्युलेटरने एक पिवळी सूचना दिली होती, कडेच्या नोंदी आणि तक्ते जुळत नाहीत अशी. अशा पिवळ्या सूचना रोज पन्नास येतात.

क्लॉकची एक तार होती. दोन मेमरी चिपना ती ताल पुरवायची. एक चिप तारेच्या मध्यावर, दुसरी टोकाला. तार ५० ओहमची. निघताना लाट किती उंचीची असेल, हे ड्रायव्हरचा रोध आणि तारेचा रोध यांच्या वाटणीवरून ठरते. माझ्या सिम्युलेटरच्या मते ड्रायव्हर अजून २५ ओहमचाच होता. म्हणजे लाट १.८ व्होल्टच्या दोन तृतीयांश, १.२ व्होल्ट. मेमरीचा निर्णयाचा उंबरठा ०.९. लाट मध्यावरच्या चिपजवळून जातानाच उंबरठा आरामात ओलांडत होती. पडद्यावर सगळे ठीक दिसले.

बोर्डावर मात्र ड्रायव्हर ५६ ओहमचा होता. लाट निघाली ०.८५ व्होल्टची. मध्यावरच्या चिपपाशी ती ०.९ च्या किंचित खाली येऊन थबकली, टोकापर्यंत गेली, तिथे दुप्पट होऊन परतली, आणि मग कुठे मधल्या चिपला उरलेली चढण मिळाली. मधला काळ असेल एखादा नॅनोसेकंद. तेवढा वेळ ती चिप उंबरठ्यावर एक पाय आत, एक पाय बाहेर अशी उभी. थोडासा गोंगाट आला की एका तालाचे दोन ताल. यंत्र सकाळी नीट चालायचे आणि दुपारी, खोली तापली की, आलेखात मधूनच एक ठोका गळायचा.

हृदयाच्या आलेखात गळलेला ठोका म्हणजे काय, हे सांगायला नको. आमच्या चाचणीतल्या एका मुलीने स्वतःचाच आलेख काढला होता. तो पाहून ती दोन दिवस गप्प होती, मग डॉक्टरकडे जाऊन आली आणि तिच्या हृदयात काही दोष नाही असे कळल्यावर आम्ही यंत्राकडे बोट दाखवले. त्यानंतर मला तो दोष सापडायला तीन आठवडे लागले. बोर्ड दुरुस्त करायला, म्हणजे दोन मेमरींना दोन वेगळे ड्रायव्हर द्यायला, एक दुपार पुरली. यंत्र दवाखान्यांत गेले ते त्यानंतर. तिच्यासमोर मला अजूनही जरा ओशाळल्यासारखे होते.

दुपारचा मुद्दा मात्र सरळ नाही. उष्णतेने ट्रान्झिस्टर मंदावतो ही आमच्या पिढीची पाठ झालेली गोष्ट, आणि आयबिसच्या किमान रकान्यातही उष्णता कमी पुरवठ्याच्या जोडीला बसवलेली आहे. ३.३ किंवा ५ व्होल्टला ते बरोबर आहे: तापल्यावर स्फटिकातून इलेक्ट्रॉनांची वाट अवघड होते. पण उष्णतेने उंबरठाही खाली येतो, म्हणजे शिल्लक वाढते. पुरवठा भरपूर असताना उंबरठ्यातला हा छोटा बदल कुणाच्या लक्षात येत नाही. पुरवठाच जेमतेम असेल तर तोच बदल निर्णायक ठरतो, आणि एका मर्यादेखाली चित्र उलटते: थंड चिप मंद, तापलेली चपळ. त्या दाबांना 'किमान' रकाना सगळ्यांत वाईट अवस्था दाखवतोच असे नाही. रकान्यांची नावे मात्र तीच चालत आली आहेत.

आतापर्यंत आपण पुरवठा कमी पण स्थिर धरला. प्रत्यक्षात तो स्थिरही नसतो, आणि त्याला हलवणारे खुद्द ड्रायव्हरच असतात. आठ ड्रायव्हर एकाच क्षणी प्रत्येकी २० मिलिअँपिअर ओढू लागले, एका नॅनोसेकंदात, आणि चिपच्या ग्राउंडच्या पायाचे प्रवर्तन ५ नॅनोहेन्री असेल, तर चिपच्या आतले ग्राउंड बाहेरच्या ग्राउंडपेक्षा ०.८ व्होल्टने उचलले जाते. ५ व्होल्टच्या जमान्यात हे खपून गेले, पण तेव्हाही दुखत होतेच. जुन्या ७४ मालिकेच्या चौदा पायांच्या चिपमध्ये पुरवठा चौदाव्या पायावर आणि ग्राउंड सातव्यावर, म्हणजे दोन्ही कोपऱ्यांत, सगळ्यांत लांब तारेवर. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने आपल्या वेगवान सीमॉस चिपांसाठी हे पाय मधोमध आणून पाहिले, ते याच कारणाने. १.१ व्होल्टवर चालणाऱ्या आजच्या डीडीआर-५ मेमरीला ०.८ ची उचल म्हणजे सर्वनाश.

पहिल्या आयबिसला या हलत्या पुरवठ्याचे काहीच उमगत नव्हते. २००८ च्या ५.० आवृत्तीत दोन गोष्टी आल्या: पुरवठा खचला की ड्रायव्हरचा जोर किती घटतो याचे तक्ते, आणि कड बदलताना पुरवठ्यातून एकूण किती प्रवाह ओढला जातो याची नोंद. म्हणजे फोटोंच्या जोडीला थोडे चलचित्र आले. माझ्या मते आयबिसमधली ही सगळ्यांत मोलाची भर. पण तिचा वापर व्हायचा तेवढा होत नाही, कारण हे तक्ते भरून देण्याची सक्ती नाही आणि पुष्कळ फाइलांत ते रकाने रिकामेच असतात.

आणि भरले तरी एक गोष्ट निसटतेच. काठावरच्या दांडग्या जोडीच्या मागे तिला हाकणाऱ्या लहान ट्रान्झिस्टरांची साखळी असते. पुरवठा खचला की त्या साखळीतून निरोप उशिरा निघतो. साखळीचा उशीर एक नॅनोसेकंद असेल आणि पुरवठा पाच टक्क्यांनी घटला, तर उशीर पाच-सहा टक्क्यांनी, म्हणजे ५०-६० पिकोसेकंदांनी वाढतो. सेकंदाला ३२० कोटी निरोप पाठवणाऱ्या डीडीआर-४ मेमरीत एका निरोपाच्या वाट्याला ३१२ पिकोसेकंद येतात. त्यातला जवळपास पाचवा हिस्सा पुरवठ्याच्या थरथरीने खाल्ला, आणि जोराचे तक्ते मात्र सांगणार की ड्रायव्हर धडधाकट आहे.

गेल्या काही वर्षांत दाब आणखी उतरला. मोबाइलमधल्या एलपीडीडीआर-४एक्स मेमरीत ड्रायव्हरचा पुरवठा फक्त ०.६ व्होल्ट आहे. एवढ्या कमी दाबावर वर ओढायला नेहमीचा पी-जातीचा ट्रान्झिस्टर उपयोगाचा नाही, म्हणून तिथे वरही एन-जातीचाच बसवतात आणि त्याचे गेट दुसऱ्या, १.१ व्होल्टच्या पुरवठ्यावरून हाकतात. आता वरच्या ट्रान्झिस्टरचा जोर ठरतो तो १.१ व्होल्टच्या तारेवर, आणि तक्ता मोजलेला असतो ०.६ च्या तारेपासून. अशी एक फाइल गेल्या पावसाळ्यात एका तरुण सहकाऱ्याने माझ्यापुढे ठेवली. १.१ ऐवजी १.०६ झाले तर काय, असे त्याला पाहायचे होते, आणि फाइलमध्ये तो आकडा लिहायला जागाच नव्हती. आम्ही कंपनीला पत्र लिहून त्या दाबाचे वेगळे मॉडेल मागवले. यायला नऊ दिवस लागले. तोवर बोर्ड कारखान्यात पाठवला नाही.